उमराव जानची ‘अदा’ कुठे गेली?

जून २०२५ मध्ये मुझफ्फर अली यांचा ‘उमराव जान’ हा चित्रपट पुन्हा एकदा चित्रपटगृहांत लागला. मूळ चित्रपट १९८१चा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जतन केलेल्या या चित्रपटाची जुनी प्रत उजळून, रंग-आवाज नीट करून तो नव्या पिढीसमोर आणला गेला. कौतुकाचे लेख आले. त्या बहुतेक लेखांत एक शब्द हटकून भेटला, तो म्हणजे ‘तहजीब’. लखनौची तहजीब, मुसलमानांची तहजीब, हरवलेली तहजीब! आम्हीही तिकीट काढून गेलो. डोळे निवले, कान तृप्त झाले. मात्र बाहेर पडताना मनात एक प्रश्न होता. मिर्झा हादी रुसवा यांच्या कादंबरीचे नाव ‘उमराव जान अदा’ असे आहे. चित्रपटाच्या नावातून ‘अदा’ का गळाली?

कुणी म्हणेल, शिक्षकी पेशातली माणसे शब्दांचा कीस पाडतात. पाडू द्या. ‘अदा’ हे उमरावचे तखल्लुस आहे, म्हणजे शायरा म्हणून तिने धारण केलेले नाव. अमीरन हे नाव आईबापांनी ठेवले. उमराव हे नाव कोठ्याने दिले. ‘अदा’ हे एकच नाव असे, की ते तिच्या बुद्धीच्या कमाईचे आहे. शहरयार यांनी एका गझलेच्या मक्त्यात ते आणले आहे, हे आम्ही कृतज्ञतेने नमूद करतो. पण पोस्टरवरून ते उतरले. २००६ साली जे. पी. दत्ता यांनी हीच कथा पुन्हा पडद्यावर आणली, तेव्हाही नाव ‘उमराव जान’ एवढेच राहिले. तखल्लुस गेले आणि पडद्यावर उरल्या त्या नजरेच्या, मनगटाच्या, पदन्यासाच्या अदा. आमच्या मते या एका शब्दात सगळी फिर्याद आलेली आहे.

तत्त्वचिंतनात्मक कादंबरीला चित्रपट न्याय देऊ शकतो का, हा वाद साहित्यिकांच्या बैठकीत जुना आहे. त्यात दोस्तोएव्हस्कीचे नाव येते, काम्यूचे येते. रुसवांचे नाव कुणी घेत नाही. ‘उमराव जान अदा’ ही तवायफेची कहाणी. तिला तत्त्वचिंतनाच्या फडताळात जागा कुठली? आमचा पहिला आक्षेप इथेच आहे. १८९९ साली ही कादंबरी लिहिणारा माणूस कोण होता, हे तरी पाहावे. रुसवा लखनौच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकवीत. रसायनशास्त्रापासून तर्कशास्त्रापर्यंत त्यांचा संचार होता. आयुष्याच्या उत्तरार्धात ते हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतर विभागात आले आणि तत्त्वज्ञान व मानसशास्त्राचे ग्रंथ त्यांनी उर्दूत उतरवले. १९३१ साली त्यांचे निधन झाले तेही हैदराबादलाच. त्या वेळी आमचा मराठवाडा त्याच रियासतीत होता. उर्दूतून उच्च शिक्षण देणारे ते विद्यापीठ मराठवाड्यातल्या आमच्या वाडवडिलांचेही विद्यापीठ होते. तेव्हा रुसवा हे फक्त लखनौचे, अत्तराच्या कुपीतले लेखक नव्हेत. ते आमच्या अंगणात येऊन गेलेले अभ्यासक आहेत.

आता कादंबरी. तिची सुरुवात मुजऱ्याने होत नाही, ती होते मुशायऱ्याने. एका मित्राच्या घरी चार शायर जमले आहेत. भिंतीपलीकडून कुणीतरी नेमक्या शेराला नेमकी दाद देते. ती उमराव. तिला बोलावले जाते, आणि ती शायरांच्या पंक्तीत बसून आपली गझल ऐकवते. म्हणजे वाचकाला ती प्रथम भेटते ती जाणकार म्हणून. पुढे रुसवा तिला जीवनकथा सांगायला लावतात आणि मध्ये मध्ये थांबवतात, खोदून विचारतात, चिमटे काढतात. ती उत्तर देते, कधी उडवून लावते, कधी त्यांनाच पेचात पकडते. सबंध कादंबरी हा दोन बुद्धिमान माणसांचा संवाद आहे. मानवी जीवनाचे कोडे सवाल-जवाबातून उलगडण्याची रीत तत्त्वज्ञानात फार जुनी आहे. रुसवांनी ती जाणून-बुजून उचलली, असे आम्ही मानतो.

आणि प्रश्न तरी कोणते? फैजाबादचा एक साधा जमादार कोर्टात खरी साक्ष देतो. त्या साक्षीचा सूड म्हणून दिलावर खान त्याची कोवळी मुलगी पळवून नेतो आणि ती लखनौला खानमच्या कोठ्यावर विकली जाते. खरे बोलला बाप, किंमत मोजली मुलीने. मग खरे बोलणे चुकले काय? त्याच वेळी पळवून आणलेली दुसरी मुलगी रामदेई. तिला एका बेगमेच्या घरी विकले जाते आणि ती पुढे प्रतिष्ठित घरची बीबी होते. दोघी एकाच अंधाऱ्या खोलीत रडल्या होत्या. एक शरीफ ठरली, दुसरी बाजारू. दोघींच्या स्वभावात, गुणात, पापपुण्यात काय फरक होता? काहीच नाही, फक्त गिऱ्हाईक वेगळे होते. शराफत नावाची गोष्ट माणसाच्या आत असते की त्याला विकत घेणाऱ्याच्या घरात, हा प्रश्न १८९९ साली एका मुसलमान लेखकाने आपल्याच शरीफ समाजाच्या तोंडावर फेकला. याला तत्त्वचिंतन म्हणायचे नाही, तर कशाला म्हणायचे?

शेवटचे प्रकरण तर आमच्या मते उर्दू गद्यातील अपूर्व ठेवा आहे. रुसवा आपण लिहिलेली कहाणी उमरावच्या हाती देतात. आधी तिला इतका संताप येतो की कागद फाडून टाकावेत. मग ती वाचत बसते. स्वतःचे आयुष्य दुसऱ्याच्या हस्ताक्षरात वाचणारी ही बाई त्यानंतर जे बोलते त्यात रडगाणे फार थोडे आहे. ती गुनाहचा विचार करते. काही गुनाह असे की त्यांचा परिणाम करणाऱ्यापुरताच राहतो. काही असे की त्यांची झळ दुसऱ्याला लागते. पहिल्याची माफी अल्लाहच्या दयेवर सोडता येते. दुसऱ्याची माफी, ज्याला दुखावले त्यानेच द्यायची. माणसाला दुखावणे हेच तिच्या लेखी मोठे पाप. वाचकहो, हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद यांतला हा फरक आपण जुम्म्याच्या बयानात कितीदा ऐकला आहे! रुसवांनी तो मिंबरवरून वदवला नाही. ज्या बाईला शरीफ समाजाने मशिदीच्या सावलीलाही उभे केले नसते, तिच्या तोंडून वदवला. आणि बोलणारी बाई कोण? जिच्याबाबतीत बहुतेकांनी दुसऱ्या प्रकारचा गुनाह केला आहे ती! माफीचा अधिकार ती अप्रत्यक्षपणे स्वतःच्या हाती घेते. एवढा धीट विचार आमच्या वाचनात क्वचितच आला आहे.

आता चित्रपटाकडे वळू. त्याचे गुण आम्ही नाकारत नाही. चार राष्ट्रीय पुरस्कार त्याला उगाच मिळाले नाहीत. रेखा, खय्याम, आशा भोसले आणि कलादिग्दर्शन, चौघांचाही मान रास्त होता. शौकत कैफींची खानम विसरता येत नाही. मौलवीसाहेबांच्या भूमिकेत आपले गजानन जागीरदार आहेत. परंतु नेमका या मौलवींचाच हिशेब मांडून पाहा. कादंबरीत उमराव त्यांच्याकडे कित्येक वर्षे शिकते, फारसी वाचते. पुस्तकांची ही गोडी तिला उतारवयापर्यंत पुरते. सगळे आशिक पांगल्यावर उरते ते वाचन. आपण जे काही आहोत ते त्या तालमीमुळे, ही जाणीव तिच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येते. चित्रपटात ती लहानाची मोठी होते ते गाण्याच्या आणि नाचाच्या रियाजात. मुलगी पाय टाकते आणि तरुणी होऊन गिरकी घेते. दृश्य सुरेख आहे, यात शंका नाही. पण उस्तादांनी तिला घडवले आणि मौलवी जणू शोभेला होते, असाच त्याचा अर्थ प्रेक्षकाच्या मनात उतरतो.

दुसरी गोष्ट. चित्रपटातून रुसवाच गायब आहेत. ऐकणारा नाही, म्हणून प्रश्न नाही. प्रश्न नाही, म्हणून उत्तर नाही. उमराव जिथे बोलायची तिथे आता ती गाते. नवाब सुलतान हा तिच्या आयुष्यात येऊन गेलेल्या पुरुषांपैकी एक. चित्रपटात तो कथेचा कणा होतो आणि विरह हे तिचे मुख्य दुःख ठरते. कादंबरीतील उमराव आपल्यासारख्या बायांना स्वच्छ बजावते की, कुणी आपल्यावर खरे प्रेम करील या भ्रमात राहू नका. जी बाई प्रेमाच्या भ्रमाची चिरफाड करते, तिला चित्रपटाने प्रेमभंगाची नायिका केले. आणि १८५७ नंतरचा कादंबरीचा मोठा भाग तर जवळजवळ कापलाच. एक नवाब तिच्याशी आपला निकाह झाला असल्याचा दावा कोर्टात दाखल करतो, तिला वकिलाच्या आसऱ्याने राहावे लागते, दिलावर खान पुन्हा समोर येतो व पकडला जातो, हे सगळे गेले. बापाच्या साक्षीपासून सुरू झालेली गोष्ट पुन्हा कायद्याच्या दारात येते, हे वर्तुळच नाहीसे झाले.

यावर तीन प्रकारची उत्तरे दिली जातात.

पहिले उत्तर असे की, चित्रपट हे डोळ्यांचे माध्यम आहे, विचार पडद्यावर दाखवता येत नाही. हे खोटे आहे, आणि पुरावा लखनौचाच आहे. सत्यजित राय यांचा ‘शतरंज के खिलाडी’ १९७७ साली आला. प्रेमचंदांची मूळ कथा १९२४ची. कथेत अवधची नवाबी दूरवर आहे. राय यांनी वाजिद अली शाह आणि जनरल औट्रम यांना समोर आणून सबंध नवा धागा विणला. शायर असलेला राजा वाईट राजा असतो काय? दुसऱ्याचे राज्य बळकावणाऱ्याला त्याच्या कारभारातल्या उणिवा मोजण्याचा अधिकार कुणी दिला? हे प्रश्न तिथे खोलीत बसून, बोलून विचारले जातात आणि प्रेक्षक खिळून राहतो. विशेष म्हणजे त्या चित्रपटाच्या लेखनात शमा झैदी व जावेद सिद्दिकी होते. ‘उमराव जान’च्या लेखनातही हीच दोन नावे आहेत. कलम तेच, शहर तेच, काळही जवळजवळ तोच. मग विचार एका चित्रपटात मावला आणि दुसऱ्यात मावला नाही, हा दोष माध्यमाचा कसा?

दुसरे उत्तर शुद्धतावाद्यांचे. ते म्हणतात, कादंबरी जशीच्या तशी घ्या, एक अक्षर बदलू नका. आम्ही त्यांच्याही बाजूचे नाही. प्रेमचंदांचे दोन्ही खेळाडू शेवटी तलवारी उपसून एकमेकांना ठार करतात. राय यांनी त्यांना जिवंत ठेवले. राज्य गेले, आणि हे दोघे इंग्रजी नियमांनी नवा डाव मांडतात. शेवट बदलला, पण प्रेमचंदांचा प्रश्न आणखी टोकदार झाला. मरणारा निदान मोकळा होतो, हे दोघे तर खेळत राहतात! ही बेइमानी आम्हाला सौ टक्के मंजूर आहे. चित्रपटाने कादंबरीच्या प्रसंगांशी इमान राखावे असा आमचा हट्ट नाही. तिच्या प्रश्नाशी मात्र राखलेच पाहिजे.

तिसरे उत्तर धंद्याचे. लोक गाण्यांसाठी येतात, चिंतनासाठी नाही. पण उमराव स्वतः शायरा आहे! गझल हेच तर तिच्या विचाराचे हत्यार. दोन ओळींत प्रश्न उभा करण्याची ताकद या प्रकारात जेवढी आहे तेवढी क्वचितच दुसऱ्या कशात असेल. तेव्हा गाणी अडचण नव्हती, संधी होती. त्या गझला रचताना ती दिसली असती, एखादा शब्द खोडताना, मौलवींशी एखाद्या अर्थावर अडताना दिसली असती, तर प्रेक्षक गाणे सोडून पळाला नसता.

आणि चित्रपटाला हे जमण्यासारखे होते, याची साक्ष तोच देतो. शेवटी उमराव उजाड कोठ्यावर परत येते. आरशावरची धूळ पुसते. स्वतःकडे पाहते. शब्द नाही, गाणे नाही. त्या क्षणी पडदा विचार करतो. आम्हाला मात्र तिथेच हुरहूर लागते. कादंबरीतही शेवटी उमराव आरशासमोरच येते. पण तो आरसा कागदाचा आहे. त्यात तिला आपले आयुष्य दिसते आणि ती त्याचा निवाडा करते. चित्रपटाच्या आरशात चेहरा दिसतो, आणि खेळ संपतो. जिथून रुसवांची उमराव बोलू लागते, नेमका तिथेच पडदा पडतो.

मुझफ्फर अलींना कमी समजण्याचा गुनाह आम्ही करणार नाही. १९७८च्या ‘गमन’मध्ये उत्तर प्रदेशातून मुंबईत येऊन टॅक्सी चालवणारा गरीब मुसलमान त्यांनीच दाखवला होता. तो गात नाही, नाचत नाही, शेर ऐकवत नाही; घरी जायचे तिकीट परवडेल का, याचा हिशेब करतो. त्या माणसाचे मन ज्याला दाखवता आले त्याला उमरावचे दाखवता आले नसते, हे आम्ही मानत नाही. अडले ते दुसरीकडे. मुसलमान बाई पडद्यावर आली की ती देखणी, दुःखी आणि सुरेल असावी, एवढीच या देशाची अपेक्षा आहे. ती विचार करते असे म्हटले की सगळ्यांची पंचाईत होते.

‘तहजीब’ या शब्दाचा आम्हाला धसका आहे तो यासाठी. शिवी दिली तर माणूस उलटून बोलतो. कौतुकावर काय बोलणार? मुसलमानांची गझल छान, बिर्याणी छान, आदाब छान, शरारा छान. त्यांचा युक्तिवाद छान, असे कुणी म्हटल्याचे आठवत नाही. आणि ही लखनौची नवाबी म्हणजेच मुसलमान, असा समज एकदा झाला की सोलापूरचा विणकर, मालेगावचा यंत्रमागवाला, कोकणचा खलाशी, घरात दखनी किंवा कोकणी बोलणारे आणि बाहेर मराठी लिहिणारे आपण सगळे पडद्याबाहेरच राहतो. हमीद दलवाईंची ‘इंधन’ १९६५ची. कोकणातल्या गावाची, विचारांची आग पेटवणारी कादंबरी. तिच्यातला मुसलमान आदाब करीत नाही, वाद घालतो. मुसलमान म्हणून पडद्याला आठवतो तो कोठा आणि हवेली.

पण बोट फक्त चित्रपटवाल्यांकडे दाखवून आपली सुटका नाही. आमच्याच वर्गातली गोष्ट सांगतो. उर्दू कादंबरीचा इतिहास शिकवताना रुसवांचे नाव घेतले. नववीच्या मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. चित्रपटातली दोन गाणी बहुतेकींना पाठ होती. लेखकाचे नाव एकीलाही ठाऊक नव्हते. एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, ती खरंच लिहायची, की लोकांनी लिहिलेलं गायची?” आम्ही दुसऱ्या दिवशी शेवटच्या प्रकरणातला गुनाहविषयीचा मजकूर वर्गात वाचायचे ठरवले. शिक्षक-खोलीत हे कळताच एक बुजुर्ग सहकारी म्हणाले, “मियाँ, शरीफ घरच्या मुली आहेत. तवायफेचं पुस्तक वर्गात नको.” आम्ही वयाचा मान ठेवून गप्प राहिलो. त्याच वर्षी वार्षिक संमेलनात त्याच चित्रपटातल्या गाण्यावर मुलींनी हातवारे करून दाखवले. पहिल्या रांगेतून टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांत तो आवाज होता आणि खरे सांगायचे तर आमचाही होता.

म्हणजे उमराव नाचली तर चालेल, बोलली तर चालणार नाही. चित्रपटाने जे केले तेच आपण शाळेत करतो, घरात करतो. पोरीचा आवाज गोड आहे, हे पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. पोरगी प्रश्न विचारते, हे मात्र दबक्या आवाजात, लग्न ठरेपर्यंत लपवण्यासारखे. अशा समाजाला जसा चित्रपट मिळायचा तसाच मिळाला. मुझफ्फर अलींवर खटला भरायचा तर आरोपीच्या पिंजऱ्यात आपल्यालाही उभे राहावे लागेल.

त्या गप्प राहण्याची भरपाई आम्ही उशिरा केली. पुढच्या वर्षी परवानगी न विचारता ते पान वाचले. वर्ग शांत होता. गुनाह दोन प्रकारचे, हे ऐकल्यावर एकीने विचारले, “मग तिला पळवून नेणाऱ्याला अल्लाहने माफ केलं तरी तिने नाही केलं तर?” आम्ही उत्तर दिले नाही, कारण तो प्रश्न रुसवांचाच होता आणि तो वर्गात येऊन पोचला होता. सव्वाशे वर्षांपूर्वीचे ते पान अजून जिवंत असल्याचे आमच्यापुरते सिद्ध झाले.

म्हणून तत्त्वचिंतनात्मक कादंबरीला चित्रपट न्याय देऊ शकतो का, असे कुणी विचारले तर आमचे उत्तर ‘होय’ असे आहे. अट एकच. पात्राला बुद्धी आहे, हे आधी मान्य करा. उद्या कुणी तिसऱ्यांदा ‘उमराव’ काढणार असेल, तर शरारे शिवायला टाकण्याआधी त्याने तिच्यासमोर एक माणूस बसवावा आणि त्याला प्रश्न विचारू द्यावेत. मग कॅमेरा तिच्या पायांवरून हलवून, ती उत्तर शोधत असताना तिच्या चेहऱ्यावर ठेवावा. आणि पोस्टरवर तिचे पूर्ण नाव लिहावे, तिने कमावलेले: उमराव जान ‘अदा’.

तोवर आम्ही ते फळ्यावर लिहीत राहू.